विरजणाचा घोट

मित्रांनो, नाशिकरोडच्या फलाटावर, दोन बॅगा आणि एक फराळाची पिशवी यांच्या मधोमध, पांढऱ्या उपरण्यात गुंडाळलेलं जे गोल गाठोडं दिसतं आहे ना, ते मी. मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. तुमच्यापैकी अनेकांनी माझ्यासारखा तांब्या पाहिलाही नसेल, म्हणून आधी ओळख सांगतो. पितळेचं पोट, आखूड गळा, उचलायला वर कडी आणि आट्यांवर फिरवून घट्ट बसवायचं झाकण. त्या झाकणाला फिरकी म्हणतात. प्लास्टिकच्या बाटल्या यायच्या आधी माणसं प्रवासाला निघाली की पाणी आमच्या पोटातून जायचं.

आज मीही प्रवासाला निघालो आहे. काशीला जायचं, तिथून मोठ्या बोटीत बसायचं आणि पाच दिवस गंगेवर राहायचं. या वयात हे सुख माझ्या वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं. सकाळी तर ते हातचं जाता जाता राहिलं. पण ते ओघाने येईलच.

माझा जन्म नाशिकच्या तांबट आळीतला. तिथे दिवसभर ठोक्यांचा असा काही गजर चालायचा की भजनी मंडळाने टाळ खाली ठेवावेत. माझ्या तांबटाचा हात मोठा सरावाचा, पण माझ्या वेळी एक ठोका चुकला. गळ्याखाली आतल्या अंगाला पितळ दुमडलं आणि तिथे एक वळी राहिली. त्यामुळे मला कितीही ओणवं करा, शेवटचा घोट त्या वळीच्या आड अडकतो. जोरात झटकल्याशिवाय तो बाहेर पडत नाही. तांबट म्हणाला, हा बिघडला, याला मोडीत काढू. मी कोपऱ्यात पडून भट्टीची वाट पाहू लागलो.

तेवढ्यात एक तरुण दुकानात आला. खांद्यावर उपरणं, कपाळाला बुक्का. ढुंढिराज त्याचं नाव, आणि कीर्तनाला नुकतीच सुरुवात केलेली. गावोगाव फिरायचं म्हणून त्याला पाण्याचा तांब्या हवा होता. त्याने मला उचललं, पाणी भरलं, ओतलं, आणि आत उरलेलं पाणी हलवून कानाशी धरलं. तांबट प्रामाणिक होता, त्याने माझी खोड सांगून टाकली. ढुंढिराज हसला आणि म्हणाला, "पुरता रिकामा होत नाही, असा सोबतीच मला पाहिजे. हाच द्या."

तेव्हापासून पन्नासहून अधिक वर्षं मी त्यांच्याबरोबर हिंडलो. ढुंढिराजाचे ढुंढिराजबुवा झाले आणि मी बुवांचा तांब्या झालो. घोटी, विंचूर, त्र्यंबकेश्वर, कुठकुठची नावं घेऊ? एस.टी.त मी त्यांच्या मांडीवर असायचो आणि कीर्तनात पेटीवाल्याच्या शेजारी. पूर्वरंग संपला, बुक्का लावून झाला, लोक नामाचा गजर करू लागले की बुवा माझ्यातलं ज्येष्ठमध घातलेलं पाणी दोन घोट प्यायचे आणि मग उत्तररंगात आख्यान असं रंगायचं की लहान मुलंसुद्धा पेंगायची थांबायची. त्या गळ्यातून जे निघालं, त्याच्या आधी तिथे माझं पाणी जाऊन आलेलं असायचं. एका भांड्याला याहून जास्त काय हवं?

माझ्या खोडीवरही बुवांनी एक दृष्टांत बसवला होता. प्रत्येक गावी ते मला नव्याने भरून घ्यायचे, पण आधीच्या गावचा घोट आत असायचाच. भर कीर्तनात मला उंच धरून ते म्हणायचे, "माउली, हा तांब्या विरजण राखून असतो. घोटीच्या पाण्याला त्र्यंबकचं विरजण, विंचूरच्या पाण्याला घोटीचं. दूध हंडाभर असलं तरी विरजण चमचाभरच लागतं. सत्संगाचंही तसंच आहे." लोक हसायचे आणि माना डोलवायचे. ज्या वळीपायी मी मोडीत निघणार होतो, तिचं असं कौतुक झालं.

माझी दुसरी खोड फिरकीची. एकदा घोटीच्या बाजारात मी एस.टी.च्या पायरीवरून घरंगळलो आणि माझे आटे जरासे वाकले. तेव्हापासून फिरकी सरळ बसत नाही. आधी अर्धा फेरा उलटा द्यायचा, टक् असा आवाज येऊ द्यायचा, मग सुलट फिरवायची. हे गुपित दोघांनाच ठाऊक होतं. एक बुवा आणि दुसऱ्या त्यांच्या पत्नी इंदिराबाई.

बुवा आख्यानात काशीचे घाट असे उभे करायचे की लोक विचारायचे, बुवा, काशीला किती वेळा जाऊन आलात? खरं म्हणजे ते एकदाही गेले नव्हते. चातुर्मास कीर्तनात जायचा, उत्सव कीर्तनात जायचे, सवड म्हणून कधी मिळालीच नाही. इंदिराबाईंना मात्र ते नेहमी सांगायचे, "आपण जाऊ तेव्हा या तांब्यात गोदेचं पाणी नेऊ आणि गंगेत घालू. बहिणीकडे बहिणीचा निरोप."

तीन वर्षांपूर्वी बुवा गेले. कोणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं आणि त्यात कोणाचा दोषही नव्हता. मला पोत्यात घालून माळ्यावर ठेवलं गेलं. पोट कोरडं पडलं, विरजण सुकलं, अंगावर काळपट डाग चढले. पाली माझ्यावरून जायच्या. मित्रांनो, रिकामं असणं काय असतं, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग यंदाच्या मार्गशीर्षात एक दिवस अचानक माळ्याचं दार उघडलं. इंदिराबाई स्टुलावर चढल्या होत्या आणि खालून त्यांचा मुलगा आल्हाद "आई, पडशील, उतर आधी" असं ओरडत होता. आईने एकदा तरी गंगा पाहावी म्हणून त्याने बोटीची सहल ठरवली होती. सोबतीला शेजारच्या निवृत्त शिक्षिका विमलाबाई होत्या. त्या बौद्ध, त्यांना सारनाथ पाहायचं होतं. "तुमची काशी, माझं सारनाथ, आणि मधल्या वेळात दोघींनी डेकवर बसून चहा प्यायचा," असं त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

इंदिराबाईंनी मला चिंच-मिठाने घासलं. तीन वर्षांचा काळिमा निघून मी पुन्हा लखलखलो. काल संध्याकाळी त्या मला घेऊन एकट्याच गंगेवर गेल्या. आमच्या नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. रामकुंडाच्या पायरीवर त्यांनी मला बुडवून भरलं, फिरकी लावली आणि कडीला कपाळ टेकवून जरा वेळ तशाच बसल्या. घरी आल्यावर मला देवापुढे पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं. कोणाला काही बोलल्या नाहीत. हे त्यांचं आणि बुवांचं होतं, ते बोलून दाखवायला त्या लाजत असाव्यात. सून स्वरदा हिला एवढंच म्हणाल्या की हा तांब्या उद्या बरोबर न्यायचा आहे.

आज सकाळी घरात नुसती धांदल. औषधांच्या डब्या, दशम्या, भडंग, मेतकूट, शाल, शालीवर शाल. आल्हादने आईसाठी बूट आणले होते. ते घालून इंदिराबाई पॅसेजमध्ये फेऱ्या मारत होत्या आणि विमलाबाई दारातून "डावा, उजवा, डावा, उजवा" करत होत्या. बॅग लागेना म्हणून आल्हाद तिच्यावर बसला, तर चेन तुटली. दुसरी बॅग काढावी लागली. त्यातच सहलवाल्यांनी पाठवलेल्या यादीतली उन्हाची टोपी राहून गेली होती.

सासूबाईंची ओढाताण पाहून स्वरदा म्हणाली, "आई, आज पूजा मी करते. तुम्ही बॅग बघा."

तिने पूजा मनापासून केली. आता या घरची एक रीत अशी आहे की रात्री देवापुढे ठेवलेल्या तांब्यातलं पाणी सकाळच्या पूजेनंतर तुळशीला घालायचं आणि तांब्या ताज्या पाण्याने भरायचा. इंदिराबाईंनीच ती स्वरदाला शिकवलेली. स्वरदाने मला उचललं. फिरकी हटून बसली होती, तिने फडक्याने धरून जोर लावून उघडली. मग तुळशीपाशी नेऊन हळूच, भक्तीने मला ओणवं केलं. मला तोंड आहे, मित्रांनो, पण वाचा नाही. बुवांचा निरोप धार धरून कुंडीत चालला होता आणि मला "अगं थांब" एवढंही म्हणता येत नव्हतं. नंतर तिने मला स्वयंपाकघरात नेलं आणि सासूबाईंचं पोट प्रवासात बिघडू नये म्हणून फिल्टरचं पाणी काठोकाठ भरलं. फिरकी लावली ती थेट सुलट. ती तिरकी बसली.

दुपारी नेहमीचा टॅक्सीवाला दीपक गाडी घेऊन आला आणि खालूनच म्हणाला, "आजी, लवकर करा. द्वारका चौकात रस्ता खोदलाय, अर्धा तास तिथंच जाणार." बॅगा खाली गेल्या. इंदिराबाईंनी सगळ्यात शेवटी देवाला नमस्कार केला, बुवांचं उपरणं उलगडलं आणि मला हातात घेतलं. त्यांचा अंगठा फिरकीच्या कडेवरून फिरला आणि थांबला.

"स्वरदा, ही फिरकी तू लावलीस का?"

स्वरदाने आनंदाने सांगितलं की हो, कालचं पाणी तुळशीला घातलं आणि फिल्टरचं भरून दिलं.

इंदिराबाई पाटावर बसल्या. नवे बूट घालूनच बसल्या, तेही त्यांच्या ध्यानात आलं नाही. अगदी हळू त्या म्हणाल्या, "ते गंगेवरचं होतं गं. ह्यांनी न्यायला सांगितलं होतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. बहिणीकडे बहिणीचा निरोप, तोसुद्धा. आल्हादने घड्याळ पाहिलं. रामकुंडावर जाऊन यायचं तर गाडी चुकणार, हे सगळ्यांना कळत होतं. त्याने चाचरत सुचवलं की पुढच्या वेळी नेऊ. पुढची वेळ या शब्दावर इंदिराबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्या सत्तरीच्या पुढच्या आहेत आणि बुवाही पुढच्या वेळी म्हणता म्हणताच गेले होते.

स्वरदा तिथे नव्हतीच. ती तुळशीकडे धावली होती. परत आली ती ओंजळीत ओली माती घेऊन. "आई, पाणी यातच आहे," ती रडत म्हणाली. "ही घेऊन जा. मी विचारायला हवं होतं."

इंदिराबाईंनी त्या ओंजळीकडे पाहिलं. मातीतून दोन थेंब ठिबकून फरशीवर पडले. आणि मित्रांनो, मी तो क्षण विसरणार नाही. त्यांचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी विचारलं, "ओतताना झटकला होतास का तांब्या?"

"नाही. हळूच ओतला. पूजेचं पाणी कसं झटकणार?"

इंदिराबाई हसू लागल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या हसत होत्या. "मग झालं तर. हा लबाड आयुष्यात कधी पुरता रिकामा झालाय? एक घोट राखून असणार हा. अगं, विरजण चमचाभरच लागतं. हे सगळं गंगेवरचंच झालं आता."

आल्हादच्या तोंडावर शंका दिसत असावी, कारण विमलाबाई त्याला म्हणाल्या, "बघतोस काय? उत्तर बरोबर आहे. मी मार्क दिले." मग इंदिराबाईंकडे वळून, "गंगेवर चाललोय, पाच दिवस पाण्यावरच राहणार, आणि आम्ही घरून पाणी घेऊन निघालो. बोटवाले हसतील."

"हसू देत," इंदिराबाई म्हणाल्या.

तो घोट होता का? होता, मित्रांनो. मी साक्षी आहे. माझ्या गळ्याखालच्या त्या वळीआड तो सकाळपासून बसून होता. ज्या ठोक्याला तांबट चूक म्हणाला, त्याच ठोक्याने आज बुवांचा शब्द राखला. पांडुरंगा, तुझा हात कोणत्या हातोड्यात असतो, कोण सांगेल?

माती पुन्हा कुंडीत गेली. निघण्याआधी इंदिराबाईंनी माझी फिरकी उघडली आणि स्वरदाच्या हातात दिली. "आधी अर्धा फेरा उलटा. आवाज येऊ दे. आता सुलट." पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा चुकलं. खाली दीपक हॉर्न वाजवत होता. तिसऱ्यांदा टक् झालं. ते गुपित आता पुन्हा दोघींचं झालं आहे.

तर अशी ही माझी कहाणी. ज्यांनी मला घडवलं, मिरवलं, विसरलं आणि पुन्हा आठवलं, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या माळ्यावरही माझ्यासारखं कोणी पोत्यात असेल. त्याला उतरवा, घासा, पण त्याआधी त्याची फिरकी कशी लागते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याजवळ जाऊन बसा. ती माणसं घरात आहेत तोवरच ते विचारता येतं.

गाडी आली बरं का. स्वरदाने मला छातीशी धरून डब्यापर्यंत आणलं आहे. आता काशीला बोटीच्या कठड्यावरून इंदिराबाई मला गंगेत ओणवं करतील. गोदेचा निरोप पोहोचेल. पण त्या मला झटकणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. परतताना माझ्या वळीआड एक घोट असेल, गंगेचा आणि गोदेचा मिळून. तो स्वरदाने तुळशीला घालायचा आहे. तसं सासू-सुनेचं फलाटावरच ठरलं.