उष्टं मशीन

सरुबाईचा डावा कान आधीच गेलेला होता. गेल्या दिवाळीनंतर उजव्यानेही कमी ऐकू येऊ लागलं, तेव्हा सावळेराम तिला नारायणगावला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. नस सुकत चालली आहे, कानातलं यंत्र लावलं तर काही महिने निभेल, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. निघताना त्यांनी सावळेरामला बाजूला घेतलं. "आईंना जे ऐकवायचं असेल ते लवकर ऐकवा."

खोडदला परतताना गाडीत सरुबाई बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "सावळ्या, त्यांची तबकडी लावशील का रं?"

सावळेराम पन्नाशीला आला होता. आईने स्वतःहून त्या तबकडीचं नाव काढलेलं त्याने पहिल्यांदाच ऐकलं.

तबकडी त्याच्या वडिलांची होती. सोमाजी मेंढरं राखायचा आणि ढोलावर ओव्या गायचा. एका वर्षी मुंबईची एक कंपनी नारायणगावला तमाशातली गाणी ध्वनिमुद्रित करायला आली होती. कुणीतरी सोमाजीलाही पुढे केलं. छोटी, एका बाजूला एक अशी दोन ओव्यांची तबकडी निघाली. ती खोडदच्या जत्रेत कर्ण्यावर वाजली तेव्हा सरुबाई गावात नव्हती. कळप घेऊन ती दिरासोबत घाटघरवरून नाणेघाट उतरून कोकणात गेली होती. ती परत यायच्या आत सोमाजी चार दिवसांच्या तापाने गेला. सावळेराम तेव्हा तीन वर्षांचा होता. तबकडी सरुबाईने पेटीत ठेवली. माणूस नाही तर नुसता आवाज कशाला, असं म्हणून तिने ती कधी कुणाला लावू दिली नाही. मेंढरं विकली गेली, जमीन ओलिताखाली आली, तिच्यावर टोमॅटो आले. पेटी मात्र तशीच राहिली.

सावळेराम ती तबकडी घेऊन जुन्नरला चिमाजीकडे गेला. चिमाजी लग्नकार्यात स्पीकर आणि मंडप लावायचा. धंदा त्याच्या बापाचा. बापाचं रेकॉर्ड वाजवायचं मशीन त्याने दुकानाच्या पोटमाळ्यावर जपून ठेवलं होतं.

"दे हिकडं, आत्ता लावतो," चिमाजी म्हणाला. "आरं, ह्याच मशीनवर तुझा बाप जत्रंत वाजला व्हता. मी लहान व्हतो, पर आठवतंय मला."

सावळेरामने मशीनची सुई पाहिली. जाड, काळवंडलेली. "चरा पडायचा, भाऊ. एकच हाय."

"तबकडी हाय राव ती. वाजवायलाच असती."

सावळेराम तबकडी परत घेऊन आला. तबकडी कशी पुसावी हे शोधता शोधता तो फोनवर रेकॉर्ड जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये शिरला. जड सुई खाच खरवडते, एकेका वाजवण्यात आवाज झिजतो, हे त्याला तिथे कळलं. ते खरंही होतं. ग्रुपमध्ये पुण्याचे डॉक्टर होते, बिल्डर होते, कंपन्यांतले साहेब होते. टोमॅटोचा शेतकरी तो एकटाच. त्याने बापाच्या तबकडीचा फोटो टाकला, तेव्हा सगळ्यांनी त्याला भाऊ म्हणायला सुरुवात केली. अशी दुसरी प्रत कुणाकडेच नव्हती.

ग्रुप चालवणाऱ्या आदेशचं पुण्यात रेकॉर्ड वाजवायच्या मशीनचं दुकान होतं. त्यानेच एका नव्या मशीनची बातमी दिली. जर्मनीतली कंपनी, फक्त तीनशे नग, प्रत्येकावर कोरलेला नंबर. भारताच्या वाट्याला थोडेच. अजून कुणीही ऐकलेलं नाही, तरी नंबर आजच धरावा लागेल. कसं वाजतं, असं एका नव्या माणसाने विचारलं, तर सगळे त्याला हसले. ऐकून घेणाऱ्यांसाठी बाजारात बाकीची मशीनं पडली आहेत, असं कुणीतरी लिहिलं. एका डॉक्टरांकडे आधीची दोन अशी मशीनं खोक्याबाहेरही काढलेली नव्हती आणि त्याचं ग्रुपमध्ये कौतुक होतं.

सावळेरामने नंबर धरला. टोमॅटोला भाव लागला होता त्या वर्षीचे पैसे बँकेत होते. त्यात एक छोटा ट्रॅक्टर आला असता, पण पैशासाठी घरात कुणी अडवलं नाही. त्याची बायको हिरा अडली ती दुसऱ्याच गोष्टीवर.

"कधी येणार ते?"

"होळीपर्यंत."

"आन् आत्यांचा कान? त्योबी होळीपर्यंत थांबणार व्हय?"

"यंत्र लावलंय की. ऐकू येतंय तिला."

"चिमाजीभाऊंकडं एकदा लावा. मी मोबाइलवर भरून घेते. मग येऊ द्या तुमचं जर्मनी."

"मोबाइलवर बापाचा आवाज ऐकवू तिला? पन्नास वर्षं थांबली ती."

हिराने अंगणातून दिसणाऱ्या, खोडदच्या रेडिओ दुर्बिणींच्या तबकड्यांकडे बोट केलं. "त्या एवढाल्या डिशा आभाळातलं ऐकत्यात म्हणं. आन् आमच्या घरात एक ओवी ऐकायची तर समुद्रापल्याडनं मशीन यावं लागतंय."

होळी झाली. मशीन आलं नाही. मोटरचा एक भाग बदलायचा आहे, असं कंपनीने कळवलं. मग माल बंदरात अडकला. सरुबाई सकाळी यंत्र कानाला लावायची आणि विचारायची, "आलं का रं?" सावळेराम नाही म्हणून मान हलवायचा. ती यंत्र काढून डबीत ठेवायची. उगाच कशाला झिजवायचं, म्हणायची.

पाडव्यानंतर आदेशचा फोन आला. "भाऊ, आईंचं सांगितलं होतंत म्हणून तुम्हालाच पहिला फोन करतोय. एक नग माझ्याकडे आलाय. शोरूमचा आहे. हवा तर आजच घेऊन जा, तुमचा आला की बदलून देईन."

सावळेराम त्याच दिवशी पुण्याला गेला. दुकानाच्या मधोमध मशीन ठेवलं होतं. काळ्या दगडासारखा चौथरा, वर जाड चकाकती थाळी. भोवती तीन-चार जण उभे होते आणि कुठलं तरी परदेशी वाद्य वाजत होतं. सावळेराम दारातच थांबला.

"या ना, ऐका तर खरं!" आदेश म्हणाला.

"हे वाजवलेलं हाय?"

"डेमोचंच आहे ना, भाऊ. दहा-बारा रेकॉर्ड लावल्या असतील. नवंच आहे."

सावळेरामने मनाशी एक ठरवलं होतं आणि ते घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. या मशीनमधून पहिला आवाज सोमाजीचा निघायचा. देवापुढे ठेवायचं ताट आधी कुणी चाखत नाही. मेंढरांचं पहिलं दूधसुद्धा त्याच्या घरात कधी आधी माणसांनी घेतलं नव्हतं. इथे तर परक्या माणसांनी परक्या गाण्यांनी मशीन आधीच उष्टं केलं होतं.

"नको," तो म्हणाला. "माझं येऊ द्या."

"तुमचं कधी येईल ते मलाही माहीत नाही. आणि आईंचं…"

"आये थांबली एवढं, तर अजून थोडं."

आतून गाणं मोठं झालं, तसा तो फुटपाथवर जाऊन उभा राहिला. बापाच्या ओवीआधी त्याला तसल्या मशीनवर दुसरं काहीच ऐकायचं नव्हतं.

घरी आल्यावर त्याने सगळं हिराला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. "समोर व्हतं? आन् तुमी न्हाई म्हणून आला?"

"उष्टं व्हतं."

"आत्यांना इचारलं का, उष्टं चालंल का म्हणून?"

त्याने विचारलं नव्हतं.

वैशाखात सरुबाईला ताप आला. आठवडाभर नारायणगावच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. ताप उतरला, ती उठून बसली, चहा प्याली. हिराने तिच्या कानाला यंत्र लावलं. सरुबाईने ते काढून पाहिलं, हलवलं, परत लावलं. "सेल संपला वाटतं," ती म्हणाली. हिराने नवा सेल घातला. मग सावळेरामने कानाजवळ तोंड नेऊन हाक मारली, "आये!" ती समोर भिंतीकडे बघत राहिली.

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. आता यंत्राचा उपयोग नाही, असं त्यांनी सांगितलं. ऑपरेशनचं विचारल्यावर त्यांनी वय पाहिलं आणि मान हलवली.

नागपंचमी झाली आणि मशीन आलं. आदेश स्वतः गाडीतून घेऊन आला. ग्रुपला दाखवायला तो व्हिडिओ करणार होता. सरुबाईला आता ऐकू येत नाही हे त्याला दारातच कळलं आणि त्याने फोन खिशात ठेवला. सावळेराम फोनवर काहीच बोलला नव्हता. चिमाजीलाही बोलावलं होतं, तो अंगणात खुर्चीवर बसला होता.

"मला लय मोठ्यानं लावायचंय," सावळेराम म्हणाला. "कायतरी पोचंल."

आदेशने मशीन जोडलं, सुई बसवली, स्पीकर लावले. "एकदा दुसरी एखादी रेकॉर्ड लावून बघू? सेटिंग नीट आहे का ते कळेल."

"नको. पयली हीच."

सरुबाईने नवं लुगडं नेसलं होतं. हिराने तिला मशीनसमोर बसवलं. पेटीतून तबकडी सरुबाईनेच काढून दिली. सावळेरामने ती दोन्ही तळव्यांमध्ये कडेने धरून थाळीवर ठेवली. सुई खाली आली.

आधी खरखर, मग ढोल. मग एका तरुण माणसाचा उंच, फाटायला आलेला आवाज घरभर झाला. चिमाजी खुर्चीतून उठला. "ह्योच," तो म्हणाला, "ह्योच की." आणि तो टोपी काढून दाराशी उभा राहिला.

सरुबाई फिरणाऱ्या तबकडीकडे बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "लाव ना आता."

सावळेरामने आवाज वाढवला. खिडकीच्या काचा थरथरल्या. सरुबाईने हात पुढे करून तळवा मशीनच्या चौथऱ्यावर ठेवला. तिथे तिला काहीच लागलं नाही.

"त्यात कंप येत नाही," आदेश हिराला म्हणाला. "तेच तर त्याचं…"

हिराने सासूचा हात उचलून स्पीकरवर ठेवला. सरुबाईचा चेहरा बदलला. ती पुढे सरकली आणि दोन्ही हात तिथे लावले. "ढोल हाय," ती मोठ्याने म्हणाली. "सावळ्या, ढोल कळतोय. आन् हे? हे कवा म्हणत्यात?"

सोमाजी तेव्हा गातच होता. कुणीच तिला खुणेने ते सांगितलं नाही. ती स्पीकरला हात लावून वाट बघत राहिली आणि सावळेराम तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग ढोलही थांबला. सुई आपोआप वर उचलली गेली.

सरुबाईने हात काढले. तिने सावळेरामकडे पाहिलं, हिराकडे पाहिलं. मग दारात उभ्या चिमाजीकडे. तो टोपीने डोळे पुसत होता.

"वाजून गेलं व्हय?"

सावळेरामने होकारार्थी मान हलवली.

"आवाज तरणाच असंल," ती म्हणाली. "तरणेच व्हते."

दुसऱ्या बाजूला आणखी एक ओवी होती. सावळेराम तबकडी उलटायला पुढे झाला, तोवर तिने ती स्वतःच थाळीवरून उचलली होती, बोटं मधोमध पसरून. पदराचं टोक घेऊन तबकडी पुसू लागली. जेवणाची ताटली पुसावी तशी, गोल गोल, दाबून.

"आजी, पदर नको, चरे पडतील," आदेश पटकन म्हणाला.

आदेशचा पुढे झालेला हात सावळेरामने खाली केला.

सरुबाईने तबकडी पाकिटात घातली, आत गेली. पेटीचं झाकण पडल्याचं बाहेर सगळ्यांना ऐकू आलं.

चिमाजी निघून गेला. आदेश वायरी गोळा करत होता, आणि त्याच्या खिशातला फोन सारखा वाजत होता. शेवटी त्याने काढून पाहिला. "ग्रुपवर विचारतायत, भाऊ," तो हलक्या आवाजात म्हणाला. "घरी उघडलेलं पहिलंच मशीन ना हे आपल्याकडे. कसं वाजतं म्हणून."

"मला न्हाई सांगता यायचं," सावळेराम म्हणाला. "मी आयेकडं बघत व्हतो."