सहा प्रश्नचिन्हं

“मम्मी, गड़बड़ आपके नाम में ही है!” स्क्रीनवर बोट आपटत पायल म्हणाली.

मायाबाईंनी चष्मा वर सारला. हिंदी मुलखातल्या विकास नगरातल्या त्या घरात सकाळपासून हेच चाललं होतं. वेबसाइट बनवायची सगळी साधनं संगणकात उतरली होती, पण सर्व्हर सुरू करायला गेलं की लाल ओळ यायची. त्या ओळीत ‘कांबळे’ असायला हवं तिथं सहा प्रश्नचिन्हं. संगणक आणला तेव्हा बाईंनीच हौसेनं खात्याला देवनागरीत नाव दिलं होतं. यंत्राला ते पचेना.

ऑफिसातल्या संगणक प्रशिक्षणाची यादी पाच वाजता बंद. सरावाचं पान घरी चालवून पाठवेल तोच ऑफिसच्या वेब विभागात जाणार. बाकीच्यांना निवृत्तीपर्यंत आवक-जावक.

पायलनं इंग्रजी अक्षरांत नवं खातं उघडलं, सगळं पुन्हा उतरवलं. साडेचारला पान उघडलं.

“लो, हो गया! भेज दो.”

बाईंनी खात्याचं नाव वाचलं. के, ए, एम, एल, ई.

“यातला बी कुठाय गं?”

“मेरी मार्कशीट में भी कामले ही है. क्या बिगड़ गया?”

आज पौर्णिमा. पहाटेच बुद्धविहारात अष्टशील, आठ नियमांचं व्रत, घेतलेलं. कठोर शब्द उच्चारायचा नाही. पण अंगाची नुसती लाही झाली. एकतीस वर्षं ऑफिसच्या हजेरीपटावर कामले, कांबले, एकदा तर कमला. शाळेतल्या बाबूनं पोरीचं नाव चुकवलं, तेव्हा नवरा म्हणाला, जाऊ दे, प्रवेश मिळतोय ना. तेव्हा त्या गप्प बसल्या. त्या गप्प बसण्याला त्यांनी इतकी वर्षं शील म्हटलं होतं!

“पुसून टाक.”

“पागल हो क्या? आधा घंटा बचा है!”

“मी हळूच बोलतेय, पायल. पुसून टाक, आणि बी घालून नवं कर.”

पायलनं पाय आपटले, पण केलं.

पाच वाजून गेले तरी साधनं उतरवण्याची निळी पट्टी अर्ध्यावरच होती. ट्रेनर साहेबांचा फोन आला.

“कामले जी, लिस्ट तो हमने भेज दी.”

“कांबळे. नाम ठीक कर लीजिए.”

“अरे मैडम, लिस्ट में आपका नाम है ही कहाँ?”

“हाज़िरी रजिस्टर में तो है ना? वहीं ठीक कीजिए. मैं लाइन पर हूँ.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

सव्वापाचला पान उघडलं. पायलनं ते बंद करायला हात पुढं केला.

“राहू दे,” बाई म्हणाल्या, आणि फोन कानाला तसाच धरून ताठ बसून राहिल्या.