वहिनी, तुम्ही निवांत बसा

लग्नाला तीस वर्षं झाल्याबद्दल झुंबरबाईला दोन दिवसांची सुट्टी मिळाली. ती नवऱ्यानं दिली असं कुणी समजू नये. कृष्णातला उसाच्या तोडीची तारीख तोंडपाठ असे, लग्नाची तारीख मात्र त्याला दरवर्षी नव्यानं सांगावी लागे. सुट्टी दिली ती पुण्यातल्या मुलानं, राजवर्धननं.

मलकापूरच्या पुढं डोंगरात एका तळ्याकाठी कॅम्प होता. तिथं कॅराव्हॅन उभ्या असायच्या. म्हणजे एका मोठ्या गाडीच्या पोटात पलंग, फ्रिज, संडास आणि वीतभर ओटा. पक्क्या घरातली माणसं आपलं घर सोडून हौसेनं या डब्यात येऊन राहायची, आणि मोकळं वाटलं म्हणून फोटो टाकायची.

"आई, दोन दिवस गॅसला हात लावायचा नाहीस," राजवर्धननं फोनवर बजावलं होतं. "कँटीन आहे. सांगायचं आणि जेवायचं."

म्हशींच्या धारा काढायचं शेजारच्या बयाबाईनं कबूल केलं, आणि झुंबरबाई आठवडाभर मुलाचं ते वाक्य मनात घोळवत राहिली. खरं सांगायचं तर तिला डोंगराचं कौतुक नव्हतं आणि तळ्याचंही नव्हतं. तिला आयतं ताट हवं होतं. त्यात काय असेल ते असो, पण आपण न रांधलेलं आणि गरम.

रविवारी सकाळी दोघं आपल्या बिद्री गावाहून तिथं पोचली. कॅम्पची व्यवस्था बघणाऱ्या भैरवी मॅडमनं हसतमुखानं गाडी दाखवली, दोन गळ हातात दिले आणि नियम सांगितला. मासा धरायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा.

"मग धरायचा कशाला?" कृष्णातनं विचारलं.

"आनंद म्हणून, काका."

"आनंद तर खाल्ल्यावर हुतोय की!"

मॅडम पुन्हा हसल्या. कोल्हापूरकडचे पाहुणे त्यांना नवीन नसावेत.

झुंबरबाईनं खुर्ची तळ्याकडं तोंड करून लावली, पाय लांब केले, आणि कँटीनमध्ये दुपारी काय आहे ते विचारूनही आली. वरण, भात, बटाट्याची भाजी. तिला एवढ्यानंच भरून आलं. तेवढ्यात मागं कृष्णात फोनवर ओरडत होता, "हां, तसंच वर या! तळ्याच्या कडंलाच हाय बघा!"

"कोन यायलंय?" झुंबरबाईनं विचारलं.

"अमरसिंह आनि दोघं-तिघं. वाटंतच हुतं, म्हटलं भेटून जावा."

कागलहून जगात कुठंही जायचं झालं तरी हा डोंगर वाटेत लागत नाही. पण मैत्रीपुढं भूगोलाचं कोण ऐकतो? कागलचा अमरसिंह आणि त्याच्याबरोबरचे तिघं जीपमधून उतरले. भेटायला आलेल्या माणसांजवळ पाच किलो मटण, भलंमोठं पातेलं, कांद्याची पिशवी आणि जोंधळ्याचं पीठ होतं.

इथं कृष्णातच्या कीर्तीबद्दल सांगायला हवं. जत्रा असो, बारसं असो, कुणी निवडणुकीत जिंकलेला असो वा पडलेला, तांबडा रस्सा करावा तो कृष्णातनंच, असं पंचक्रोशीत ठरून गेलं होतं. बनियनवर, खांद्याला टॉवेल टाकून, हातात पळी घेऊन तो पातेल्यासमोर उभा राहिला की लोक लांबून बोट दाखवायचे. त्याच्या हाताला चव हाय, म्हणायचे.

"वहिनी, आज तुमचा दिवस!" अमरसिंहनं जाहीर केलं. "तुम्ही निवांत बसा. सगळं आमी बघतो."

झुंबरबाई निवांत बसली. चांगली पाच मिनिटं बसली.

"अगं, फक्त कांदा चिरून दे," कृष्णात म्हणाला. "डोळ्यातनं पानी काढतोय बग."

कांदा चिरून झाला. मग फक्त लसूण सोलायचा होता. मग फक्त खोबरं आणि तीळ भाजायचे होते, कारण ते पुरुषांच्या हातनं करपतात. मग फक्त वाटण. गाडीतला मिक्सर एवढासा, त्यामुळं वाटण सहा वेळा फिरवावं लागलं, आणि दर वेळी आतले दिवे मिणमिणले. बाहेर शेकोटीच्या खड्ड्यावर पातेलं चढलं होतं आणि चार खुर्च्यांवर चार पाहुणे, सगळं आपण बघतो म्हणाले होते म्हणून, खरोखरच बघत बसले होते.

"आता फक्त भाकरी," कृष्णातनं दारातून डोकं आत घातलं. "पंधरा-ईस बास. बाकीचं झालंच."

वीतभर ओट्यावर झुंबरबाईनं परातीत पीठ घेतलं. खिडकीतून तिची तळ्याकडं तोंड केलेली खुर्ची दिसत होती. तिच्यावर आता अमरसिंहचा टॉवेल वाळत होता. तिला रडू आलं नाही, राग आला. तीस वर्षांत राग यायलाही तिला कधी निवांत वेळ मिळाला नव्हता.

त्यात कृष्णातनं परातीतल्या पिठाचा गोळा उचलला आणि गळाला लावायला घेऊन गेला. अर्ध्या तासात परत आला तो टॉवेलखाली बादली झाकून. बादलीत दोन किलोचा कटला फडफडत होता.

"तळून टाक गुपचूप," तो कुजबुजला. "मॅडमला कळायच्या आत. फक्त साफ करून..."

झुंबरबाईनं पिठाचे हात धुतले, बादली उचलली आणि चारी पाहुण्यांच्या समोरून, टॉवेलबिवेल काही न झाकता, ती थेट तळ्यावर गेली. बादली कलती केली. मासा क्षणभर काठाच्या पाण्यात घुटमळला आणि गेला. त्याला तरी कुणी काही करायला सांगितलं नव्हतं.

"अगं ए! काय केलंस?" कृष्णात धावत आला.

"नेम हाय त्यो हितला."

"आनि भाकरी?"

"परात आत हाय. पीठबी हाय."

"पावन्यांच्या समोर माझी लाज काढतीस व्हय?"

"पावनं तुमचं," झुंबरबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून कृष्णात जास्त दचकला. "मी हितं राहायला आलोय. मीबी पावनीच हाय."

तिनं खुर्चीवरचा टॉवेल त्याच्या हातात दिला, दुसरा गळ घेतला आणि बसली. गळाला काही लावायचं असतं हे तिला ठाऊक होतं. ते करायचा तिला कंटाळा आला होता.

कृष्णातची पंचाईत झाली. बायकोला ओरडावं तर भैरवी मॅडम बघत होत्या, आणि विनवावं तर अमरसिंह बघत होता. शेवटी तो पातेल्याकडं परत गेला. कुणीतरी भाकरी थापून बघितली म्हणे. ती तव्यावर पोचेपर्यंत तिचे तीन तुकडे झाले. मग अमरसिंह कँटीनमधून पावाच्या लाद्या घेऊन आला.

त्याच्या मागोमाग भैरवी मॅडम ताट घेऊन आल्या. "काकू, सकाळी तुम्ही विचारून गेला होता," त्या म्हणाल्या. वरण पातळ होतं, बटाट्याला तिखट नव्हतं. झुंबरबाईनं भात कालवला आणि पहिला घास घेतला. गरम होता. तिनं सगळं ताट पुसून खाल्लं, कुणाला काय वाढायचं राहिलं ते एकदाही मागं वळून न बघता.

मागं पंगत बसली होती. ताटं वाजली, तर्रीचं कौतुक झालं, आणि पहिल्या भुरक्यानंतर सगळे एकदम गप्प झाले. कृष्णातच्या रश्श्यावर लोक असे गप्प कधी झाले नव्हते. अमरसिंहनं दोनदा खाकरून घेतलं.

झुंबरबाईला वळायची गरज नव्हती. कृष्णात समजायचा की मीठ वाटणातच असतं. वाटणात कधीच नसायचं. तो पातेल्यासमोर लोकांचं कौतुक ऐकत उभा असायचा तेव्हा भाकरीची बुट्टी आणायच्या निमित्तानं ती जवळ यायची, मूठ सोडायची, ढवळायची आणि जायची. तीस वर्षांत त्यानं एकदाही खाली बघितलं नव्हतं.

"झुंबर!" शेवटी पातेल्यापासून हाक आली. सगळ्या तळ्याला ऐकू जाईल अशी. "अगं, मीठ किती घालायचं?"

झुंबरबाईनं गळ नीट धरला.

"तुमच्या हाताला चव हाय न्हवं?" तिनं तिथूनच ओरडून सांगितलं. "चवीपुरतं घाला."