विमानाच्या पोटात

लंबू चांगला सहा फूट उंच, पण कुत्र्याचं पिल्लू दिसलं तरी रस्ता बदलणारा. प्रांताच्या राजधानीतल्या त्या विमानतळावर दिवसाला दोनच परदेशी विमानं यायची. त्यांत सामान चढवण्याचं काम तो बारा वर्षं करत होता.

त्या दुपारी सामानात पिंजऱ्यातला एक काळा कुत्रा होता.

"सामानावरची जाळी नीट आवळ रे!" मुकादम खालून ओरडला.

लंबू जीव मुठीत धरून, कमरेत वाकून विमानाच्या पोटात पार मागच्या कोपऱ्यात गेला. जाळीचा पट्टा अडकला होता. तो सोडवतोय तोच उजेड गेला. दार धाडकन लागलं.

"अहो मुकादम! मी आत आहे!"

पण बाहेर सगळ्यांच्या कानांत आवाज अडवणारी बोंडं. फोन नियमाप्रमाणे कपाटात. थोड्या वेळाने जमीन हलली. विमान निघालं होतं.

वर थंडी किती पडते, हवा पुरते का, हे लंबूने बारा वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं. कुत्र्याला पुरते तर आपल्यालाही पुरेल, अशी त्याने मनाची समजूत घातली, मन ऐकेना. पायातला बूट काढून तो छतावर बडवू लागला. कुत्रा चवताळून भुंकायला लागला.

"गप बस ना रे बाबा!" लंबू रडकुंडीला आला. वरच्यांना वाटेल, कुत्राच धडका देतोय! तेव्हा तो मोजून ठोकू लागला. तीन ठोके, थांबायचं. पुन्हा तीन.

वर काय घडलं ते त्याला नंतर कळलं. पायांखाली ठोके ऐकून एका म्हाताऱ्या शिक्षिकेने हवाई सुंदरीला बोलावलं.

"कुत्रा आहे हो खाली, आजी."

"अगं, कुत्रा मोजून ठोकतो का? नीट ऐक."

ती पोरगी गुडघ्यांवर बसली, जमिनीला कान लावला आणि वैमानिकाच्या दाराकडे धावत सुटली.

खाली इंजिनाचा सूर बदलला. आता उडणार, असं समजून लंबूने डोळे मिटले आणि पिंजऱ्यालाच मिठी मारली. कुत्राही एव्हाना थकून कुं कुं करत होता. पण विमान उडालंच नाही, मागे फिरलं; कितीतरी वेळाने दार उघडलं.

मुकादमाचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. "बॅगा मोजल्या रे मी," तो म्हणाला, "माणसं नाही मोजली." त्याने स्वतः लंबूला उतरवून घेतलं.

लंबू घरी आला, जेवला, बायकोला सगळं सांगताना हसलासुद्धा. पण आंघोळीला गेल्यावर त्याला कडी लावता येईना. पुढचा आठवडाभर तो दार उघडं टाकून आंघोळ करायचा, आणि बायको बाहेर पाठमोरी बसून काहीबाही बोलत राहायची.