पेनचा परवाना

"सॉसेज संपल्या बाई, चॉप्स आहेत. देऊ?"

"मला मटण नकोय, क्लाइव्ह. तुझं अक्षर हवंय."

सुरी हातात तशीच धरून क्लाइव्ह खाटीक वळला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. ग्लेनिस पॅस्कोबाईंनी काउंटरवर सतरा कोरी कार्डं आणि एक निळं पेन ठेवलं, आणि उजवा हात पटकन स्कर्टच्या खिशात घातला.

पोर्ट कॅरोच्या शाळेत तिसरी ते पाचवीची मुलं एकाच वर्गात बसत. बार्लीचं पीक निघेपर्यंतचं वर्षाचं शेवटचं सत्र इंग्रजी अक्षरं एकमेकांना जोडून लिहायची वळणं गिरवण्यात जाई. तोवर पेन्सिल. ज्याचं अक्षर न अडखळता वाहायला लागलं, त्याला सुट्टी लागायच्या आठवड्यात 'पेनचा परवाना' मिळायचा. हे कार्ड कुठल्या सरकारी कायद्यात बसत नव्हतं, पण मोटारीच्या परवान्यापेक्षा त्याचा रुबाब मोठा होता. त्यावरचं प्रत्येक नाव एकतीस वर्षं बाईंनी स्वतः लिहिलं होतं. धक्क्यावरची मासेमारी स्पर्धेची पाटी बघा, चर्चच्या हॉलमधल्या केकवरच्या चिठ्ठ्या बघा, ॲडलेडला गेलेल्या मुलांनी आयांना पाठवलेली पत्रं बघा, 'जी'ची शेपटी सगळीकडे सारखीच वळायची. गावाचं अक्षर बाईंचं होतं.

यंदा मात्र बाईंनी फळ्यावर लिहिणं टाळलं होतं. "या वेळी तुम्हीच शिक्षक व्हायचं," असं म्हणून त्या मुलांच्या हाती खडू देत. नव्या मुख्याध्यापिका एकदा सहज म्हणाल्या होत्या, "कार्डं कॉम्प्युटरवर छापून घेऊ या का? छान दिसतील." बाई "बघू" म्हणाल्या आणि रात्रभर जाग्या राहिल्या.

"सगळ्या गावात मीच सापडलो तुम्हाला?" क्लाइव्ह म्हणाला. "मला परवाना पाचवीत मिळाला, बाई! धाकटी बहीण पेनानं लिहायला लागली तरी मी आपला पेन्सिल चावतोय."

"म्हणूनच. तू जेवढं गिरवलंस, तेवढं कुणीच गिरवलं नाही."

तो हसला. मग त्याची नजर त्यांच्या खिशाकडे गेली.

"हात?"

"हो."

"कधीपासून?"

"जूनपासून."

त्यानं सुरी खाली ठेवली. दारावरची 'बंद'ची पाटी फिरवली, कोपरापर्यंत दोनदा साबण लावून हात धुतले, काउंटरवर मटण बांधायचा पांढरा कागद पसरला आणि चष्मा लावून पहिलं कार्ड ओढलं. जाडजूड बोटं, ओठांच्या कोपऱ्यातून डोकावणारी जीभ. बाईंना पत्र्याच्या छपराचा तो जुना वर्ग आठवला. डब्यातल्या पिकलेल्या केळ्यांचा वास, बाहेर चाललेल्या क्रिकेटचा गलका, आणि मधल्या सुट्टीत एकटाच मागे राहून 'के'ची ओळ गिरवणारा नऊ वर्षांचा क्लाइव्ह.

"एक सांगू, बाई?" मान वर न करता तो म्हणाला. "मी मुद्दाम चुकायचो. बाबा गेले ना त्या वर्षी. खेळायला गेलं की पोरं विचारायची. तुमच्या शेजारी बसलं की कुणी काही विचारायचं नाही."

"ठाऊक होतं मला."

"ठाऊक होतं?"

"नाहीतर दोन वर्षं परवाना अडवून धरला असता का मी?"

क्लाइव्हनं चष्मा काढला, ॲप्रनला पुसला, पुन्हा लावला. बाई एकेक नाव सांगत गेल्या, तो लिहीत गेला. सतराव्या नावानंतर तो म्हणाला, "सहीच्या जागा सोडल्यात. ती तुमचीच पाहिजे."

शुक्रवारी उत्तरेच्या वाळवंटाकडून तापलेला वारा सुटला होता. वर्गातले पंखे नुसते गरम हवा ढवळत होते. मुलं रांगेत उभी राहिली. बाईंनी पहिलं कार्ड पुढ्यात घेऊन सही केली. ती कुंपणाच्या काटेरी तारेसारखी उमटली.

रांगेत दुसऱ्या नंबरवर टॅमसिन होती, मनात आलं की बोलून मोकळी होणारी.

"बाई, तुमचा हात का थरथरतो?"

उकाड्याचं निमित्त सांगता आलं असतं. बाईंनी सांगितलं नाही.

"आजारी आहे तो. बरा व्हायचा नाही आता. म्हणून पुढच्या वर्षी मी शाळेत येणार नाही."

टॅमसिननं जरा विचार केला.

"मग तुम्ही परत पेन्सिल घ्या ना. ज्याचं अक्षर डळमळतं त्यानं पेन्सिलनं लिहायचं."

"ए, गप ना!" मागून कुणीतरी तिला ढोसलं.

बाईंना हसू आलं. किती दिवसांनी आलं, ते त्यांचं त्यांनाच कळलं.

"बरोबर बोलतेय ती. नियम तो नियम."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. टॅमसिननं आपल्या दप्तरातली जाड पेन्सिल आणून दिली, मागचं टोक चावून चोथा झालेली. मग न सांगताच तिनं कार्डाचे दोन कोपरे दोन्ही हातांनी दाबून धरले, सरकू नये म्हणून. बाई लिहू लागल्या, एकेक अक्षर, सावकाश.

चार कार्डं झाली असतील नसतील, तोच जेवणाची घंटा झाली. शेजारच्या वर्गातली पोरं ओरडत मैदानाकडे पळाली. या रांगेतलं कुणीच जागचं हललं नाही.