पदर म्हणजे होकार नव्हे

मेंढरांमागं जाताना बाभळीचा काटा मोडला आणि कासाबाईचा पाय भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखा टम्म फुगला. राणीसावरगावच्या शिवारातून ती लंगडत सरकारी दवाखान्यात आली. नवरा कळप घेऊन येलदरी धरणाकडं गेलेला, आधार कार्ड घरी पेटीत. सोबतीला फक्त ठणका.

धम्मशीला सिस्टर कंप्युटरपुढं बसली होती. केसपेपराची सद्दी संपून आता साऱ्या गावांची दुखणी त्या डब्यात निजत. तिनं नाव टाकलं, तर एकाच गावच्या, एकाच आडनावाच्या दोन कासाबाई उगवल्या. जन्मतारीखही दोघींची एक जानेवारी. तिकडच्या निम्म्या बायका कागदावर त्याच दिवशी जन्मल्यात.

"मावशी, मालकाचं नाव काय?"

कासाबाई सुजल्या पायाकडं बघू लागली. लग्न झाल्यापासून ते नाव तिनं कधी असं उघड्यावर आणलं नव्हतं.

"रामकिशन का?" सिस्टरनं पडद्यावरचं पहिलं नाव वाचलं.

कासाबाईनं झटकन पदर कपाळावर ओढला, मान खाली घातली. रामकिशन भावकीतला थोरला दीर, तिच्याच नावाच्या जावेचा नवरा. त्याचं नाव कानावर आलं तरी डोकं झाकायची तिच्या घरची रीत. सिस्टरला वाटलं, लाजली, म्हणजे हाच धनी. तिनं पहिली कासाबाई उघडली. ॲलर्जीचा रकाना कोरा. पेनिसिलीनचं इंजेक्शन भरून झालं.

तेवढ्यात आतून डॉक्टर सिद्धोधन आले. "सिस्टर, नाव यांच्या तोंडून घेतलं?"

"पदर घेतला की, सर."

"पदर म्हणजे अंगठा हाय का? सुईच्या आधी माणसानं स्वतः सांगायचं. आपण सांगून मान डोलवून घ्यायची न्हाई."

कासाबाई हटेना. "मरंन, पर नाव घ्यायची न्हाई."

"अगं, लग्नात घेतलंस की!" बाकावरची पंचफुला ओरडली. "उखान्यात घे. अन् लौकर घे, माझी यष्टी जायलीय!"

कासाबाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. घसा खाकरला.

"येलदरीच्या पाण्यावर उतरला बगळ्यांचा थवा,
मल्हाररावांचं नाव घेते, सुई हळूच लावा."

बाकावर हशा पिकला. सिस्टर मात्र हसली नाही. मल्हार? पडद्यावर तर रामकिशन! सुई ट्रेमध्ये ठेवून तिनं दुसरी कासाबाई उघडली. नवरा मल्हार. लाल अक्षरं कुंकवासारखी उमटली: पेनिसिलीन देऊ नये. मागं इंजेक्शननं गळा सुजून श्वास कोंडला होता.

सिस्टरनं भरलेली सुई उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. "मावशी, जिवावर बेतलं असतं! मागचं सांगायचं न्हाई का?"

"आता गं बया! त्या डब्याला समदं ठाऊक हाय म्हनून तर तुमी कागद बंद केले. म्या कशाला मधी तोंड घालू?"

डॉक्टरांनी काटा काढला, पट्टी बांधली, दुसऱ्या औषधाच्या गोळ्या दिल्या. सिस्टरनं दोन्ही कासाबाईंच्या माथ्यावर इशारा लिहिला: या नावाच्या दोघी आहेत, नवऱ्याचं नाव त्यांनाच सांगू द्या.

कासाबाई उठली. "म्हंजे सुई न्हाईच?"

"न्हाई, मावशी."

"अन् म्या चारचौघांत नाव घेऊन बसले! आता धन्याला काय सांगू?"

"सांग की," पंचफुला म्हणाली, "तुमचं नाव घेतलं म्हनून वाचले."

"सांगितलं असतं गं," कासाबाई पाय हळूच टेकवत म्हणाली, "पर मग त्यो रोज घे म्हनंल."