तिन्ही लढाया हरलेली तोफ

मी तोफ. घाटंजी तालुक्यातल्या एका गावात, ग्रामपंचायतीसमोरच्या चौथऱ्यावर मला बसवलं आहे. माझ्या अंगावर चंदेरी ऑइलपेंटचे सात थर आहेत आणि नळीत कोणीतरी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पन्न्या कोंबल्या आहेत. कंपनी सरकारविरुद्ध मला तीन लढायांत नेलं. तिन्ही आम्ही हरलो. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या शेजारच्या फलकावर भलतंच लिहिलं आहे.

दोनशे वर्षांपूर्वी या मुलखात एक सरदार होते. त्यांचं नाव मी घेत नाही, ते फलकावर मोठ्या अक्षरांत आहेच. गोऱ्यांना हाकलून आपलं राज्य आपण करायचं, असं त्यांनी जाहीर केलं. हेतू चांगला होता. मला ओतलं तेव्हा भट्टीभोवती जमलेली माणसं खरोखर आनंदाने रडली होती. त्यातली बरीचशी पुढच्या वर्षभरात मेली.

पहिल्या लढाईच्या आदल्या दिवशी ज्योतिष्याने सांगितलं, तोफेचं तोंड दक्षिणेला नको. माझं तोंड उत्तरेला केलं. कंपनीचं पायदळ दक्षिणेकडून आलं. मला वळवेपर्यंत निम्मी फौज पांगली होती आणि सरदार सल्लामसलतीसाठी मागच्या टेकडीवर गेले होते.

दुसऱ्या लढाईत माझं तोंड बरोबर होतं, गोळे चुकीचे होते. ते करवून घेण्याचं काम सरदारांच्या मेहुण्याकडे होतं. गोळे दोन बोटं मोठे निघाले, नळीत शिरेनात. गोलंदाज ते दगडावर घासत बसले आणि समोरून गोळीबार होत राहिला. त्या दिवशी किती माणसं पडली, ते कोणी मोजलंसुद्धा नाही. मेहुण्याला मात्र रात्री शालजोडी मिळाली, जिवंत परत आला म्हणून.

तिसरी लढाई झालीच नाही. ते पळणं होतं. अवकाळी पाऊस पडला होता आणि इथली काळी माती तुम्हाला ठाऊक आहे, चप्पल अडकली तरी सुटत नाही. माझा गाडा ओढायला बैलांच्या सहा जोड्या होत्या. नाल्याच्या अलीकडे चाकं आसापर्यंत रुतली. मागून कंपनीचे घोडेस्वार येत होते. सरदार घोड्यावरून म्हणाले, तोफ घेऊन या, मी पुढची व्यवस्था बघतो. पुढची व्यवस्था बघत बघत ते पैनगंगेपलीकडे गेले, ते परत दिसले नाहीत.

माझ्यापाशी तिघे उरले. रामधन आणि भीमसिंग हे बंजारा भाऊ, बैल त्यांच्या तांड्याचे. तिसरा गोविंदा. तो माझी नळी पुसायचा आणि त्याला कोणी गोलंदाज म्हणत नसे. तांड्याच्या बाया आणि लेकरं धान्याच्या गोण्यांसह तेव्हा नाला ओलांडत होती. पाणी कमरेपर्यंत होतं.

भावांनी पाच जोड्या सोडवून पार लावल्या. सहावी जोडी गुडघ्यापर्यंत रुतली होती. तोवर घोडेस्वार दिसू लागले. गोळे नव्हतेच. गोविंदाने नाल्यातले गोटे माझ्यात भरले, गजाने ठासले आणि बत्ती दिली. तो एकच बार. घोडे बिथरले, मागे फिरले, पुन्हा जमायला त्यांना वेळ लागला. तेवढ्यात बाया आणि लेकरं पार झाली. हे तिघे नाही झाले. घोडेस्वारांनी परत येऊन तिघांना कापलं तेव्हा रामधनचा हात अजून बैलाच्या जुवावर होता.

माझा कान, म्हणजे बत्ती द्यायचं छिद्र, खिळा ठोकून बंद करून कंपनीवाल्यांनी मला तिथेच टाकलं. चिखलाने मला गिळलं. शंभर वर्षांनी नांगराला लागले, मग बांधाचा दगड म्हणून पडून राहिले. माझ्यावर बसून लोकांनी डबे खाल्ले, विळे परजले. त्या वर्षांबद्दल माझी तक्रार नाही. कोणी भाषण करत नव्हतं.

काही वर्षांपूर्वी सदाशिवरावांना माझी आठवण झाली. हे गावातले मोठे जमीनदार आणि इथल्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. आपण त्या सरदारांचे वंशज आहोत, असं ते सांगतात. ते खरं असावं, कारण काम दुसऱ्यावर टाकून निघून जायची सवय तीच आहे. त्यांनी चौथरा बांधला, मला नवी चाकं बसवली, जागेला विजय चौक नाव दिलं आणि फलकाचा मजकूर लिहायचं काम पायल मॅडमवर टाकलं.

पायल शाळेत तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायची. चार वर्षं झाली होती, यंदा कायम करू असं तिला सांगितलं होतं. पोरगी कामाला लागली. सुट्टीत नागपूरला जाऊन तिने एका इंग्रज अधिकाऱ्याचा जुना अहवाल शोधून काढला आणि माझ्याशेजारी उभी राहून सदाशिवरावांना सांगितलं, की आपण हरलो होतो, तिन्ही वेळा.

"हरलो असं लिहिलं तं लोक हासतीन न आपल्यावर," ते म्हणाले.

"पण साहेब, हरलो तं हरलोच न."

ते चिडले नाहीत. जून आला की कायमच्या यादीवर सही करावी लागते, एवढं शांतपणे म्हणाले आणि गाडीत बसले. पायलने त्यांना हवा तसा मजकूर लिहून दिला. 'याच तोफेने शत्रूस धूळ चारली.' तेव्हा मला तिचाही तिटकारा आला. सुंदर अक्षरात खोटं लिहिलं की ते जास्तच खोटं दिसतं.

उद्घाटनाला मंडप, ढोल, सत्कार, सगळं झालं. पाहुण्यांनी मला हार घातला आणि माझ्याकडे पाठ करून फोटो काढले. मग गर्दीतून लालीबाई पुढे आली. जवळच्या तांड्यावरची, सत्तरीपलीकडची, अंगावर आरशांची चोळी, कांचळी. तिने पायलला विचारलं, "बाई, मले वाचता येत नाई. काय लिवलं हाये थे वाचून दाखव."

पायलने माइक हातात असतानाच वाचलं. लालीबाई ऐकून घेत होती.

"यात रामधनचं नाव कोठी हाये? भीमसिंगचं? गोविंदाचं?" ती म्हणाली. "आमच्या घरी सासूनं सुनेले हे तीन नावं सांगतलेत. मले माह्या सासूनं सांगतले. अन् जिंकेल तोफ नाल्यात कायले पडली होती, बाई?"

सदाशिवराव हाताने खूण करत होते, पुढचा कार्यक्रम घ्या. पायलने पिशवीतून अहवालाचा कागद काढला आणि त्यातल्या चार ओळी मराठीत वाचल्या. सेनापती पळाला होता. तोफेतून एकच बार झाला. तोफेपाशी तीन माणसे मिळाली. जाण्यास वाट असूनही ती गेली नव्हती, आणि त्यांची नावे सांगणारा कोणी भेटला नाही.

"नावं आजीले माहीत हायेत," पायल म्हणाली. "दोनशे वर्षांत त्यायच्या तांड्याले कोणी विचारलं नाई. म्या बी नाई विचारलं." तिने माइक खाली ठेवला नाही. तिघांची नावं तिने एकेक करून घेतली.

जूनमध्ये यादी लागली. त्यात तिचं नाव नव्हतं. कारण विचारायला ती गेली तेव्हा तासिका कमी झाल्याचं कळलं. आता ती घाटंजीत शिकवणी घेते. फलक होता तसाच आहे. गावानेही दोन दिवस चर्चा केली आणि सोयाबीनच्या पेरणीला लागलं. मी दुसरं काही अपेक्षिलंच नव्हतं.

पण एका रविवारी, भर अकरा वाजता, पायल बसने आली. सोबत पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश. लालीबाई छत्री धरून बाजूला बसली आणि पायलने चौथऱ्यावर, माझ्या चाकाखाली, तीन नावं लिहिली. तिसरं नाव चालू असताना सदाशिवरावांची गाडी थांबली. ते उतरले. मला वाटलं, आता डबा लाथाडतील. त्यांनी नावं वाचली, घसा खाकरला.

"आता लिहूनच राह्यली तं खाली आमच्या पूर्वजाचं बी नाव टाक," ते म्हणाले.

पायलने वर पाहिलं. "टाकते न साहेब. पळाले, असं लिहू समोर?"

सदाशिवराव गाडीत बसले आणि काच वर केली. लालीबाईने छत्री या हातातून त्या हातात घेतली. पायलने गोविंदाचा शेवटचा काना ओढला.

तर मी अशी आहे. पंधरा ऑगस्टला मला अजूनही हार पडतात आणि भाषणांत मी अजूनही जिंकते. घाला हार, माझी ना नाही. फक्त घालणाऱ्याने आधी खाली वाकून ती तीन नावं मोठ्याने वाचावीत. वाकायला जमत नसेल, तर हार घरी घेऊन जावा.